भाकरीचे मागणे

परमेश्वरापाशी मागणे मागताना मनुष्याने नेमका आकडा सांगावा किंवा सांगू नये, याविषयी धर्मज्ञांत मतभेद असतील. पंडिता रमाबाईंनी तो सांगितला होता. १८९६ च्या सुमारास लोणावळ्यास ख्रिस्ती मंडळींचा जो मेळावा भरला, त्यास विधवांसाठी काढलेल्या आपल्या शारदा सदनातील ख्रिस्ती झालेल्या १५ मुली घेऊन त्या गेल्या होत्या. आणि या पंधरांचा वर्ग करून दे, म्हणजे पुढील मेळाव्यापर्यंत त्यांच्या २२५ कर, अशी प्रार्थना त्यांनी तेथे केली. इतक्या मुलींना पुरेल एवढी जागा त्यांच्यापाशी नव्हती, आणि तितका पैसा तर नव्हताच. ज्या बाईने काशीच्या पंडितांनी मान डोलवावी असे संस्कृत कंठगत केले होते, तिने देवापुढे बसताना लीलावतीच्या पहिल्या पाठातले गणित मांडावे, याचे कोणास हसू येईल. मला मात्र त्या गणितात याचनेपेक्षा व्यवहाराचा सूर अधिक ऐकू येतो.

ती मागणी पुरी झाली, किंबहुना आकड्याच्या पलीकडे गेली. मध्यप्रांतात दुष्काळ पडला, बाई स्वतः तिकडे गेल्या, आणि सडकेच्या कडेला व अन्नछत्रांच्या आवारात हाडांचे सापळे होऊन पडलेल्या जिवांतून सुमारे ३०० मुली त्यांनी पुण्याकडे आणल्या. प्रार्थनेच्या सामर्थ्याचे दाखले गोळा करणाऱ्या भाविक पुस्तकांत ही कथा येथे संपते, आणि वाचणाऱ्याने ‘आमेन’ म्हणून पुस्तक मिटावे अशी अपेक्षा असते. मला ती तेथे संपविता येत नाही. ज्या वाटेने त्या गणिताचे उत्तर आले ती वाट उपासमारीची होती. आणि हे रमाबाईंस कोणी सांगण्याची गरज नव्हती, कारण त्याच वाटेवरून सुमारे वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः चालून आल्या होत्या.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले, आणि त्या अपराधाबद्दल धर्मसभेपुढे त्यांस शास्त्रवचनांच्या आधारे आपली बाजू मांडावी लागली. सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम केला होता, आणि तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे आश्रम मोडला, कर्ज झाले, आणि सारे कुटुंब तीर्थाटनास निघाले. देवळाच्या सभामंडपात किंवा नदीच्या घाटावर पोथी उघडून बसावे, पुराण सांगावे, आणि श्रोत्यांनी पोथीपुढे जे ठेवले ते घ्यावे, असा त्यांचा क्रम होता. पुराणिकाने तोंडाने काही मागावयाचे नसते, ही त्या व्यवसायाची शोभा आणि तेच त्याचे दैव. मद्रास इलाख्यात दुष्काळ आला तेव्हा पोथीपुढे काही पडेनासे झाले. पदरी पैसा होता तोवर अनुष्ठाने झाली, दाने झाली. मग दागिने गेले, वस्त्रे गेली, तांब्यापितळेची भांडी गेली. अंगमेहनतीचे काम करणे किंवा भीक मागणे त्या कुळास कमीपणाचे वाटत असे, हे रमाबाईंनीच पुढे दुष्काळाच्या आठवणी लिहिताना कसलाही आडपडदा न ठेवता लिहून ठेवले आहे. तिरुपतीच्या बाजूच्या रानात ११ दिवस त्यांनी झाडपाल्यावर काढले. वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला, तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि कुलाभिमान बाजूस ठेवून आपण मजुरी करू असे त्याने सांगितले. पण तोवर उशीर झाला होता. १८७४ साली शास्त्रीबोवा गेले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीस जवळ घेतले, आणि मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचे काही सांगितले. त्या वेळी तो देव कोणता, हा प्रश्न त्या दोघांपैकी कोणाच्याही मनात आला नव्हता.

त्यानंतर आईची पाळी आली. तापाने आणि भुकेने खंगलेल्या त्या माउलीने मुलीस शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागून आणण्यास पाठविले. रमाबाई गेल्या, दाराशी उभ्या राहिल्या, आणि त्यांची जीभ हलेना. घरधनीण काय पाहिजे म्हणून विचारते आहे, आणि मुलगी ओठ घट्ट मिटून, डोळ्यांतले पाणी दिसू नये म्हणून तोंडाला पदर लावून उभी आहे. त्या बाईने ओळखले आणि भाकरी दिली; पण ती घरी आली तेव्हा आईला खाण्याची शक्ती उरली नव्हती. अंत्ययात्रेला खांदा द्यावयास माणसे पुरेनात, म्हणून भावाबरोबर मुलीने खांदा दिला. आणि उंची कमी पडल्यामुळे तिला ते ओझे डोक्यावर घ्यावे लागले.

रमाबाईंच्या चरित्रकारांनी त्यांच्या श्रद्धेचे मूळ विलायतेतील वॉन्टेजच्या मठात शोधले, कोणी कलकत्त्याच्या ब्राह्म मंडळींत शोधले. मला ते त्या दारापुढील मौनात दिसते. ख्रिस्ती मनुष्याच्या नित्य प्रार्थनेत देवाचे नाम, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांच्या पाठोपाठ एकदम रोजच्या भाकरीचे मागणे येते, ही गोष्ट जन्मापासून ती प्रार्थना म्हणणाऱ्यास जाणवतही नाही. ज्या बाईच्या ओठांवर भाकरी हा शब्द एकदा अडला होता, तिला ती जाणविल्यावाचून कशी राहील?

मधली वर्षे मी झपाट्याने सांगतो, कारण ती मराठी वाचकास ठाऊक आहेत. भाऊबहीण पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे पंडितांनी परीक्षा घेऊन तरुण रमाबाईंस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ च्या प्रारंभी पटकीने तोही संपला. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, विलायतेस गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा घेतला म्हणून बुद्धी गहाण टाकली नाही. वॉन्टेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार ज्यांनी वाचला आहे त्यांना माहीत आहे की, त्रैक्याच्या सिद्धान्तापासून गळ्यातल्या क्रुसावरील लॅटिन अक्षरांपर्यंत प्रत्येक बाबतीत या शिष्येने गुरूशी वाद घातला. आपणास त्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे बाईंनी पुढे स्वतःच म्हटले. आणि तो सापडावयास बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली, असेही म्हटले.

याच सुमारास त्यांच्या हाती जी पुस्तके आली त्यांत जॉर्ज म्युलर यांचे आत्मवृत्त होते. हा मनुष्य जन्माने प्रशियन, १८०५ चा. तारुण्यात खाणावळीचे देणे बुडविल्यामुळे तुरुंगाची हवा खाल्लेला. पुढे ब्रिस्टॉल शहरी स्थायिक झालेला. तेथे १८३६ साली त्याने एका भाड्याच्या घरात अनाथ मुलींसाठी वसतिगृह काढले, आणि पुढे अ‍ॅशली डाऊन येथे पाच प्रचंड इमारती उभारून एका वेळी २,०५० मुले सांभाळण्याची सोय केली. १८९८ साली तो वारला तोपर्यंत दहा हजारांवर अनाथ त्याच्या छत्राखाली वाढले. त्याचा नियम असा की, कोणाही मनुष्याकडे पैसा मागावयाचा नाही, कर्ज काढावयाचे नाही, जे हवे ते फक्त देवापाशी मागावयाचे. यावर त्या काळच्या टीकाकारांनी अशी कोटी केली की, दरवर्षी छापील वृत्तान्त काढून अमक्या दिवशी दूध संपले होते व तमक्या दिवशी अनाहूत मनुष्याने पौंड आणून दिले असे जगास कळविणे, ही मागण्याचीच एक पद्धत नव्हे काय? कोटी अगदीच निरर्थक नाही. पण त्या वृत्तान्तात शेवटच्या पेन्नीपर्यंत हिशेब असे, आणि ज्याने देवाचा म्हणून पैसा घेतला त्याला तो देवाच्या दप्तरात जमा दाखवावा लागतो, ही जाणीव त्यामागे होती, हेही नाकारता येत नाही. चीनमधील इनलँड मिशनची हकीकत आणि मिशनरी जॉन पेटन यांचे चरित्र ही आणखी दोन पुस्तके बाईंनी त्याबरोबर वाचली, आणि असे हिंदुस्थानात का होऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. मनुष्यापुढे हात न पसरण्याचे हे तत्त्व रमाबाईंनी आयुष्यभर पाळले असे म्हणता येणार नाही. १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून व अमेरिकेच्या गावोगावी व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी उघड उघड मागितले, आणि बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याची हमी घेतली. स्वतःसाठी भाकरीचा तुकडा मागताना अडलेली जीभ परक्या बायकांच्या मुलींसाठी तीन हजार कोसांवर अस्खलित चालली, यात मला विसंगती दिसत नाही.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडले आणि पुढील वर्षी पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे अभिवचन होते, आणि ते मोडले किंवा नाही यावरून १८९३ साली पुण्यात जो कलह झाला त्याचे मूळ एका दारात आहे. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. दार लावून घ्या, असे हितचिंतकांचे म्हणणे. माझ्या घरात माझ्या देवाचे नाव मी दाराआड का घ्यावे, असे बाईंचे म्हणणे. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, ‘केसरी’ने कडाडून टीका केली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी विश्वासाने आपल्या विधवा लेकी तेथे ठेवल्या होत्या त्यांचा संताप खोटा नव्हता. उघडे दार हे निमंत्रण असते, आणि आश्रित मुलीला आश्रयदात्रीच्या निमंत्रणास नाही म्हणणे सोपे नसते. रानड्यांची बाजू मला आजही सहज फेटाळता येत नाही. बाईंना मात्र प्रार्थना ही लपविण्याची वस्तू वाटणे शक्यच नव्हते.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या पॅसेंजरने निघाले की लोणी, उरुळी, यवत, खुटबाव करीत गाडी केडगावास थांबते. मी उतरलो तेव्हा हवेत उसाच्या रसाचा कढ होता. या बाजूच्या गुऱ्हाळांचा गूळ प्रसिद्ध आहे. गावाच्या एका अंगास नारायण महाराजांचे बेट, म्हणजे दत्ताचे स्थान, आणि दुसऱ्या अंगास रमाबाईंचे मुक्ती मिशन. एकाच स्थानकावर उतरून दोन भिन्न दिशांना प्रार्थनेस जाणारी माणसे, ही गोष्ट केडगावकरांस इतकी सवयीची झाली आहे की, त्यात काही विशेष आहे हे बाहेरच्यानेच सांगावे लागते. मुक्तीच्या आवारात शिरल्यावर पहिली जाणीव होते ती विस्ताराची. दगडी बांधणीचे मोठे देऊळ (आमचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात), जुनी झाडे, विहिरी, आणि मध्ये केवढी तरी मोकळी जमीन. बाईंनी ही जमीन घेतली ती प्रार्थनास्थळ उभारण्यासाठी नव्हे. बोस्टनच्या मंडळींची दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपणार, त्यानंतर सदनाचे पोट कसे चालावे, याची तजवीज म्हणून त्यांनी सुमारे शंभर एकरांचे हे रान घेतले, विहीर खणली आणि फळझाडे लावली. देवावर भिस्त ठेवणारी बाई मुदत संपण्याच्या आधी आंब्याची कलमे लावते, हे दृश्य मला तिच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा बोलके वाटते. वडिलांच्या घरी अनुष्ठान होते, कुदळ नव्हती. हा फरक देवाच्या नावाचा की हाताच्या कामाचा, असे मला विचाराल तर मी हाताच्या बाजूने कौल देईन. बाई मात्र हा कौल मानणार नाहीत, कारण कुदळ हाती घेण्याचे बळ कोठून आले, हा त्यांचा उलट प्रश्न तयार असेल.

दुष्काळातल्या मुली आल्या त्याच वेळी पुण्यात प्लेग होता, आणि इतक्या नव्या माणसांस शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा ही फौज केडगावच्या माळावर गेली आणि झोपड्यांतून राहिली. तेथूनच मुक्ती सदन. त्याच १८९७ साली पुण्याच्या प्लेग-छावणीत बायकांची जी अवहेलना होत होती तिच्याविरुद्ध बाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले, आणि त्याचा बोभाटा विलायतेपर्यंत गेला. सरकारी हुकूम शिरसावंद्य मानून मुली रानात नेणारी आणि त्याच सरकारला जाब विचारणारी बाई एकच होती. १८९९-१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पटावरची दोन हजार तोंडे म्हणजे काय, हे ज्याने लग्नाच्या पंगतीसाठी धान्य मोजले आहे त्यास थोडेसे कळेल; फरक एवढाच की ही पंगत रोज होती. विणकाम, शिवण, दुभती जनावरे, तेलघाणा, शेती, छापखाना, सारे बायकांच्या हाती. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि वृद्धांसाठी प्रीती सदन उभे राहिले. आंधळ्यांचीही सोय झाली. या कामाचा वृत्तान्त आणि जमाखर्च ‘मुक्ती प्रेयर बेल’ या छोट्या पत्रकातून देशोदेशी जात असे. म्युलरची ती पद्धत, आणि टीकाकाराला तीच जुनी कोटी करण्याची सोयही आपसूक होतीच.

१९०५ च्या जानेवारीत बाईंनी एक प्रार्थनामंडळ सुरू केले. पहिल्या दिवसांत सत्तरएक जणी येत, जूनपर्यंत ५५० जणी रोज दोनदा जमू लागल्या. वेल्समध्ये नुकतीच जी धर्मजागृती झाली होती तिच्या वार्ता येथे पोहोचल्या होत्या. जूनच्या अखेरीस एका रात्री झोपण्याच्या दालनात एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्याचे दुसरीला वाटले, आणि ती पाण्याची बादली आणण्यास धावली, असे त्या घटनेचा वृत्तान्त लिहिणाऱ्या मिनी एब्रॅम्स या अमेरिकन बाईंनी नमूद केले आहे. ती आग पाण्याने विझणारी नव्हती. पुढचे कित्येक आठवडे शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडत, पापांची कबुली देत, गात आणि प्रार्थना करीत राहिल्या. शाळेचे वेळापत्रक कोलमडले. शांत, रांगेतल्या, एकाने बोलावे व इतरांनी ऐकावे अशा उपासनेची सवय असलेल्या कित्येक मिशनरी मंडळींस हा कोलाहल पसंत पडला नाही. बाईंनी त्यांस दिलेल्या उत्तराचा आशय असा की, पवित्र आत्म्याने इतर देशांतील लोकांत आपल्या मर्जीप्रमाणे काम केले, तर हिंदी लोकांत त्यांच्या रीतीने त्याने का करू नये? आळंदीच्या वाटेवर किंवा कीर्तनाच्या रंगात शेकडो कंठ एकदम उचंबळतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा प्रश्न विचारण्याची बाईंना गरज का वाटली याचेच नवल वाटेल. त्या गोंधळाकडे भाविकाच्या डोळ्यांनी पाहावे की नुसते मानसशास्त्राच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे. दुष्काळात आईबाप गमावलेल्या आणि वर्षानुवर्षे त्याविषयी एक अक्षर न बोललेल्या या मुलींना मोठ्याने रडण्याची परवानगी बहुधा प्रथमच मिळाली होती, एवढे मी म्हणेन. केडगावच्या वार्तेचा प्रवास मात्र थक्क करणारा आहे. एब्रॅम्सबाईंनी या अनुभवावर लिहिलेले पुस्तक त्यांनी चिलीतील वाल्पारायसो येथे आपल्या मैत्रिणीस, मिसेस हूवर यांस, धाडले. ते वाचून तेथील मंडळी प्रार्थनेस लागली, १९०९ साली तेथे तसाच उठाव झाला, आणि चिलीच्या पेंटेकॉस्टल पंथाचा उगम त्यातून झाला. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सुप्रसिद्ध सभा १९०६ च्या एप्रिलात सुरू झाल्या. केडगाव त्यांच्या आधीचे.

आणि जी मागणी पुरी झाली नाही तिचे काय? मनोरमा ही बाईंची एकुलती एक मुलगी, विलायतेत व अमेरिकेत शिकलेली, आईच्या कामाचा उजवा हात, मुक्तीचा पुढचा जिम्मा जिच्यावर जावयाचा ती. तिची प्रकृती ढासळली. तिच्यासाठी मुक्तीत किती गुडघे टेकले गेले असतील याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. २४ जुलै १९२१ रोजी ती गेली. वर्गाचे गणित देवापुढे मांडणाऱ्या बाईने या वेळी कोणते गणित मांडले, हे तिने लिहून ठेवले नाही.

बाईंच्या हाती तेव्हा एक काम उरले होते. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून त्या संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर करीत होत्या. अडाणी बायकांस समजावे म्हणून त्यांनी आपली सारी पंडिताई आवरून भाषा सोपी केली. ज्या संस्कृत शब्दांना जुन्या देवधर्माचा वास येतो ते त्यांनी वेचून टाकले, आणि त्यामुळे ती भाषा कित्येक ठिकाणी ओबडधोबड झाली आहे, असे माझे मत आहे. संस्कृतात सरस्वती ठरलेल्या बाईने संस्कृतालाच दाराबाहेर उभे करावे, ही तिची हट्टी बाजू. खिळे जुळविणाऱ्या, मुद्रिते काढणाऱ्या, पाने शिवणाऱ्या, सगळ्या मुक्तीच्या बायका. त्यांतल्या कित्येक दुष्काळात झाडाखाली सापडलेल्या. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आणखी दहा दिवस दे, असे बाईंनी देवापाशी मागितले आणि दहाव्या दिवशी त्या गेल्या, अशी गोष्ट सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ ही मृत्यूची तारीख. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ साली. दहा दिवसांची गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, पुन्हा एकदा नेमका आकडा घालून मागितलेले ते मागणे आहे, आणि या वेळीही ते स्वतःच्या भाकरीसाठी नव्हते.

परतीची पॅसेंजर सव्वा तास उशिरा येणार असे स्थानकावर कळले. बाकावर शेजारी मुक्तीतून निघालेल्या दोन वृद्धा बसल्या होत्या. एकीने फडक्याची गाठ सोडून भाकरी व ठेचा काढला, क्षणभर डोळे मिटले, ओठ हलविले, आणि मग अर्धी भाकरी मोडून, मी काही बोलण्यापूर्वीच, माझ्यापुढे धरली.